पितळी मूठ व हाताचा घाम

चिंचेनें लख्ख घासलेला तांब्या चार दिवसांत काळवंडतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. आपल्याला तो केवळ दिसण्याचा प्रश्न वाटतो. परंतु रुग्णालयाच्या दाराला पितळी मूठ असेल, तर त्या काळेपणाचा संबंध रोग्याच्या जिवाशीं येऊं शकतो. कसा, तें पाहूं.

तांब्याच्या पृष्ठभागावर जंतु पडला असतां धातूचे अतिसूक्ष्म विद्युद्भारित कण, ज्यांस शास्त्रांत आयन म्हणतात, सुटून जंतूचें आवरण फोडतात व आंतील सारे व्यवहार बंद पाडतात. पितळ हें तांबें व जस्त यांचें मिश्रण असल्यानें हा गुण त्यांतही उतरतो. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील ईरी येथील एका रुग्णालयांत फिलिस कुन या विदुषीनें दारांच्या मुठी तपासविल्या. १९८३ सालीं तिनें प्रसिद्ध केलेलें वृत्त नवलाचें आहे. निर्मळ भासणाऱ्या पोलादी मुठींवर जंतूंची दाट वाढ आढळली, पितळी मुठींवर विरळ! पुढें तिनें धातूच्या पट्ट्यांवर मुद्दाम जंतु सोडले. पितळेनें ते फार तर सात तासांत नाहींसे केले. नुकत्याच घासलेल्या पितळेस एकच तास पुरला. पोलादावर तीन आठवड्यांनंतरही बहुतेक जातींचे जंतु जिवंत होते.

एक तास आणि सात तास! जंतूंच्या संख्येप्रमाणें हा काळ बदलतो खरा, पण पृष्ठभागाच्या स्थितीवरही तो अवलंबून असतो. आणि ती स्थिति बिघडविणारा आपलाच हात असतो. घामांत मीठ असतें. त्यांतील क्लोराइड धातूस कुरतडतें व वर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठाचे जॉन बॉण्ड यांनीं दाखविलें कीं, घामट स्पर्शानंतर तासाभरांतच पितळेचा जंतुनाशक गुण उणावूं शकतो. (हे गृहस्थ पूर्वीं पोलीसखात्यांत पितळी काडतुसांवरील बोटांचे ठसे शोधीत असत, घामाशीं त्यांची ओळख तेथली.) मात्र सर्व पापुद्रे सारखे नव्हेत. तांबूस क्युप्रस ऑक्साइड जवळजवळ शुद्ध तांब्याइतकाच जंतुनाशक असतो; काळा क्युप्रिक ऑक्साइड तितका कामीं येत नाहीं.

जंतुनाशक द्रव्यांनीं पुसलें म्हणजे झालें, असेंही नाहीं. कित्येकदां त्यांमुळें उरलेला मळ धातूवर घट्ट बसतो, व पुढले जंतु तांब्यास न शिवतां त्या थरावर नांदतात. सर्वांत वाईट उपाय म्हणजे चकाकी टिकावी म्हणून रोगण चढविणें. मग पितळ असून नसल्यासारखेंच. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें २००८ सालीं ताम्रधातूंस जंतुनाशक म्हणून मान्यता दिली, तेव्हां मेण, रंग वा रोगण लावूं नये अशी अट घातली, आणि नेहमींची साफसफाई चालूच ठेवावी असेंही बजाविलें.

तेव्हां अशा मुठींत तांब्याचा अंश जितका अधिक तितका बरा, आणि ती वरचेवर स्वच्छ करणें भाग आहे. घरच्या चिंचेचें कामही हेंच: तिच्यांतील आम्ल ऑक्साइड विरघळवितें व खालचें कोरें तांबें उघडें पडतें.