नव्या मत्स्यालयातील पहिले मासे

काचेची टाकी घरी आली, की ती त्याच दिवशी भरून तीत मासे सोडावेत, असा मोह बहुतेकांना होतो. पाणी स्वच्छ दिसते, हवेचे बुडबुडे वर येत असतात, मासेही चपळपणे इकडून तिकडे फिरत असतात. तीन-चार दिवसांनी मात्र ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात, त्यांचे पंख अंगाशी मिटलेले दिसतात आणि दुसरा आठवडा संपण्यापूर्वी त्यांतले बरेचसे मेलेले असतात. दोष कधी विक्रेत्याला दिला जातो, कधी खाद्याला, तर कधी दृष्ट लागल्याचेही बोलले जाते. पाण्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही, कारण ते पूर्वीइतकेच नितळ असते.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे. तीमागील कारणे समजण्यासाठी या प्रकरणात जयपूर शहराचे उदाहरण घेतले आहे. पाण्याचा जडपणा, उन्हाळ्याची तीव्रता आणि हवेची शुष्कता या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात. सोलापूर, जळगाव किंवा नागपूर येथील वाचकांनाही त्यांतल्या काही अडचणी ओळखीच्या वाटतील.

विष आणि त्याचे निवारण

मासा जे खातो, त्यातील प्रथिनांपासून त्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. नदीत किंवा तलावात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच टाकीत वाळू घालून वरची थोडी जागा मोकळी सोडली, तर सुमारे ४५ लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात अमोनिया साठत जातो आणि कल्ल्यांना इजा करतो.

निसर्गात त्याची विल्हेवाट जीवाणू लावतात. हे प्रथम सिद्ध केले ते श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी, १८७७ मध्ये. वाळू आणि खडू भरलेल्या उभ्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस पाण्यातील अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. त्यानंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. त्यावरून हे काम नुसत्या वाळूचे नसून तीवर वसलेल्या सजीवांचे आहे, हे स्पष्ट झाले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे करून दाखविले.

मत्स्यालयातील फिल्टर म्हणजे तीच नळी होय, आणि तिचे सुरुवातीचे रिकामे दिवसही त्याला चुकत नाहीत. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. दुसऱ्या गटाचे काम नायट्रोबॅक्टर करतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराचे प्रकारही २०१५ मध्ये सापडले. या सर्वांची वाढ मंद असते. अन्न नासविणारे साधे जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, तर यांना त्यासाठी कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. म्हणून नव्या टाकीत पुरेशी वस्ती व्हायला सामान्यतः चार ते सहा आठवडे जातात.

मधल्या टप्प्यातील नायट्राइटही घातक असते. ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. राजस्थानात या रसायनाचा विचार केवळ माशांपुरता मर्यादित नाही. राज्याच्या अनेक भागांत, जयपूर जिल्ह्यातही, विहिरींच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेबाहेर आढळते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. असे पाणी तान्ह्या मुलांना दिले गेले, तर शरीरात त्याचे नायट्राइट होऊन त्यांचे अंग निळसर पडू शकते. मासा आणि मूल यांच्या रक्तात घडणारी क्रिया एकच आहे.

शहराचे पाणी

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसविलेल्या या शहराला पाण्याची चिंता नेहमीच राहिली. विसाव्या शतकात रामगढ तलाव हा त्याचा मोठा आधार होता. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या. पुढे तो कोरडा पडला. २००९ पासून शहराला बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी मिळू लागले. ते शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून आणले जाते. अनेक घरांत त्याच्या जोडीला कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणीही वापरात असते.

मत्स्यपालकाने आपल्या टाकीत कोणते पाणी जाणार आहे, हे आधी ठरवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले पोळतो आणि फिल्टरमधील जीवाणूही मारतो. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक-दोन दिवस उघडे ठेवल्यास तो उडून जातो. घाई असेल, तर छायाचित्रकारांच्या वापरातला हायपो उपयोगी पडतो. १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी सुमारे ७ मिलिग्रॅम हायपो पुरतो. कूपनलिकेच्या पाण्यात क्लोरीन नसला, तरी क्षार अधिक असतात. साबणाला फेस न येणारे हे दुष्फेन पाणी बहुधा अल्कधर्मी असते.

अल्कधर्मी पाण्याचा अमोनियाशी असलेला संबंध फार महत्त्वाचा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७ आणि तापमान २५ अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो. सामू ८ झाला, की तोच भाग शेकडा पाचांच्या पुढे जातो. म्हणजे जेवढ्या अमोनियात सामू ७ असलेल्या पाण्यातील मासा तग धरतो, तेवढ्याच अमोनियात सामू ८ असलेल्या पाण्यातील माशाला सुमारे दहापट विष सोसावे लागते. ज्या शहरातील पाणी जड आहे, तेथे उतावळेपणाची किंमतही अधिक द्यावी लागते.

जयपूरमध्ये यात आणखी एक भर पडते. मकराण्याच्या संगमरवराचे काम शहरात मोठ्या प्रमाणावर चालते. खजानेवालों का रास्ता या गल्लीतील मूर्तिकारांच्या दारात पांढऱ्या कपच्यांचे ढीग दिसतात. टाकीच्या तळाशी त्या शोभून दिसतात, म्हणून पुष्कळ जण त्या वापरतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळत राहून त्याचा जडपणा वाढवतो. कोणत्याही खड्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले, तर तो खडा बाहेर ठेवावा. धुतलेली नदीची जाड वाळू सर्वांत निर्धोक असते.

माशांवाचून सहा आठवडे

पाणी आणि वाळूसह ही टाकी साठ किलोग्रॅमहून जड होते. म्हणून ती भक्कम आणि सपाट बैठकीवर, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवावी. फिल्टर आणि हवेचा पंप पहिल्या दिवसापासून अहोरात्र चालू असावेत. जयपुरात जानेवारीच्या रात्री पारा पुष्कळदा १० अंशांखाली उतरतो, त्यामुळे हीटरही लागतो. थंड पाण्यात जीवाणूंची वाढ आणखी मंदावते, म्हणून तापमान २५ ते २८ अंश ठेवणे हितकर ठरते.

जीवाणूंना वाढण्यासाठी अमोनिया हवा असतो आणि तो माशांऐवजी आपणही पुरवू शकतो. यासाठी नवसागर सोयीचा आहे. मात्र कल्हईसाठी बाजारात मिळणारा नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. ४५ लिटर पाण्यात सुमारे ०.३ ग्रॅम नवसागर विरघळविला, की लिटरमागे अंदाजे २ मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. परीक्षणाचे थेंब विकत मिळतात. त्यांनी दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत नोंद करावी. आधी अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. पुढे नायट्राइटही उतरेल. अमोनिया संपत आला, की तेवढाच नवसागर पुन्हा घालावा. एखाद्याकडे जुने आणि निरोगी मत्स्यालय असेल, तर त्याच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओला ठेवून आणावा. त्याबरोबर जीवाणूंचे विरजण मिळते आणि कालावधी बराच कमी होतो.

आज घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होतो आणि नायट्राइटही शून्य येते, असे दिसले की टाकी तयार झाली. या काळात साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे आणि मगच मासे आणावेत.

पहिल्या माशांची निवड आणि आगमन

पाणी माशांना अनुकूल करण्यापेक्षा पाण्याला अनुकूल मासे निवडणे शहाणपणाचे असते. जड पाण्यात गप्पी, प्लॅटी आणि मोली चांगले राहतात. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी तर महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या हिवतापविरोधी मोहिमांमुळे घरोघरी ठाऊक आहेत. आपल्याच उपखंडातील झेब्रा मासाही काटक असतो. गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरील ग्रंथात हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तो थव्याने राहणारा असल्याने पाच-सहा झेब्रा मासे एकत्र आणावेत, किंवा आरंभी केवळ तीन-चार गप्पी नर आणावेत. टाकीत जागा उरलेली दिसते, म्हणून अधिक मासे आणू नयेत.

शोभेच्या माशांच्या पैदाशीची मोठी केंद्रे चेन्नई आणि कोलकाता यांच्या परिसरांत आहेत. तेथून निघालेला मासा लांबच्या प्रवासात बंद पिशवीतच असतो. त्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतील पाण्याचा सामू उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निसटतो, सामू चढतो आणि अमोनिया विषारी बनू लागतो. म्हणून असा दूरचा प्रवास करून आलेले मासे दुकानात आठवडाभर विसावलेले असतील, तरच घ्यावेत.

दुकानातून आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतील वाटीभर पाणी तीत घालावे. अर्ध्या तासात मासा नव्या पाण्याच्या क्षारांना सरावतो. त्यानंतर त्याला जाळीने अलगद उचलून टाकीत सोडावे आणि पिशवीतील पाणी फेकून द्यावे. दिवा त्या दिवशी बंद ठेवावा आणि खाद्यही देऊ नये. मासा कोपऱ्यात दडून बसला, तर त्याला हुसकावू नये. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे.

पुढील महिना

पहिले दोन आठवडे परीक्षण चालू ठेवावे. नायट्राइट दिसू लागले, तर क्लोरीनरहित आणि तेवढ्याच तापमानाचे पाणी घेऊन चौथा हिस्सा बदलावा. अशा वेळी थोडे साधे मीठही उपकारक ठरते. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. स्पंज कधीही नळाखाली धुवू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.

मे महिन्यात जयपूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. वीज गेली आणि पंप थांबला, की मासे आणि जीवाणू दोघेही त्यासाठी तगमगतात. बॅटरीवर चालणारा लहान पंप घरात असणे म्हणून आवश्यक आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने आटते, पण क्षार टाकीतच मागे राहतात. आटलेल्या जागी तसेच जड पाणी भरत गेल्यास महिन्या-दोन महिन्यांत टाकीतील पाणी मूळच्या पाण्याहून कितीतरी अधिक जड होते. ही घट पावसाच्या किंवा आर. ओ. यंत्राच्या पाण्याने भरून काढावी. याखेरीज आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

पावसाचे पाणी साठविण्याची कला राजस्थानला नवी नाही. जयगडावरील प्रचंड टाक्यांत डोंगरावरचे पाणी पाटांतून आणले जाई. घरच्या टांक्यात पाणी घेणारे लोक पावसाळ्यापूर्वी छत झाडून-धुवून ठेवतात आणि पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ देतात. मत्स्यपालकानेही तोच क्रम पाळावा.

माशांचा दुसरा गट महिनाभराने आणावा. खाणाऱ्यांची संख्या वाढली, की अमोनियाही वाढतो आणि जीवाणूंना आपली वस्ती त्या प्रमाणात वाढविण्यास अवधी लागतो. तोवर वहीतील आकडे रोज पाहावेत आणि माशांच्या कल्ल्यांची हालचाल न्याहाळावी. ती संथ आणि एकसारखी असेल, पंख उलगडलेले असतील आणि मासे टाकीच्या मधल्या पाण्यात निर्धास्त फिरत असतील, तर ते नव्या घरी रुळले, असे समजण्यास हरकत नाही.