द्राक्षाची साल आणि अतिनील किरण

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जनुकांविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु हिरव्या द्राक्षाचा भाव पुष्कळसा सालीच्या रंगावर ठरतो आणि तो रंग सालीतील जनुकांच्या हाती असतो. तेव्हा बाजाराचा अभ्यास करणाऱ्यालाही या वाटेने थोडे आत शिरावे लागते. विजापूर आणि सांगली हे द्राक्षांचे दोन मोठे जिल्हे आपल्यापासून फार दूर नाहीत. कानडीत द्राक्षी, मराठीत द्राक्ष. शब्दही जवळजवळ एकच.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांना 'ब' पट्टा म्हणतात. यांतील बराच भाग ओझोनचा थर अडवतो. जो उरतो तो थोडा असला, तरी अति झाल्यास पेशीतील डीएनएला इजा करतो. माणूस सावलीत जातो, गुरे झाडाखाली बसतात. वेलीला जागा सोडता येत नाही. म्हणून ती आपली छत्री सालीतच तयार करते.

ही छत्री उघडते कशी? वनस्पतीच्या पेशीत यूव्हीआर-८ नावाचे एक प्रथिन असते. त्याचे दोन रेणू एकमेकांना बिलगून असतात. 'ब' पट्ट्याचे किरण पडले की ही जोडी सुटते. सुटलेला रेणू कॉप-१ या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. एरवी या कॉप-१चे काम म्हणजे एचवाय-५ नावाच्या प्रथिनाची पेशीतून विल्हेवाट लावणे. तेच अडकून पडल्यामुळे एचवाय-५ टिकते, साठते आणि संरक्षणाची जनुके चालू करते. म्हणजे येथे नवा हुकूम निघत नाही, जुनी मनाई तेवढी उठते. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मौजेची वाटली.

हा किरणग्राहक २०११ मध्ये एका लहानशा रानटी रोपात निश्चित झाला. द्राक्षवेलीचा जनुकसंच त्याआधीच, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे तेच दुवे वेलीत शोधणे सोपे गेले. चिलीतील संशोधकांनी २०१६ मध्ये वेलीतील ही साखळी मांडली. तिच्या शेवटी फ्लेव्हॉनॉल नावाची द्रव्ये तयार होतात. क्वेर्सेटिन हे त्यांपैकीच एक. ते कांद्यातही असते. ही द्रव्ये सालीत राहून अतिनील किरण शोषून घेतात. घड सावलीत ठेवले किंवा हे किरण गाळून टाकले, तर फ्लेव्हॉनॉल स्पष्टपणे घटतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

काळ्या द्राक्षाचा रंग निराळ्या द्रव्याचा, अँथोसायनिनचा. ते बनवण्याची आज्ञा देणारी जनुके हिरव्या जातींत बिघडलेली असतात. एका जनुकात तर डीएनएचा एक उपरा तुकडाच घुसून बसला आहे. फ्लेव्हॉनॉलचा कारखाना मात्र त्यांच्यातही चालू असतो.

आता बाजाराकडे येऊ. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेली तास-ए-गणेश या आपल्याकडच्या प्रमुख हिरव्या जाती. तोडणीच्या सुमारास कधीकधी त्यांचे काही मणी गुलाबी होतात, पुढे मऊ पडतात आणि प्रवासात टिकत नाहीत. याचे खापर एकट्या अतिनील किरणांवर फोडता येणार नाही. दिवसाचे ऊन व रात्रीची थंडी यांतील मोठी तफावतही त्यात असते. उन्हाने साल पिवळट होते ती वेगळीच. निर्यातीच्या मालाला तर एकसारखा हिरवा रंग हवा. म्हणून बागायतदार घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात.

कागदाने रंग राखला जातो, पण त्याच कागदाने छत्री उघडणारा इशाराही अडतो. खरेदीदार हिरवेपणाचे पैसे मोजतो. सालीतल्या फ्लेव्हॉनॉलचा रकाना हिशेबाच्या वहीत नाही. बागायतदाराला यात दोष देणे मला अन्यायाचे वाटते. वर्षभराचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे, तो भाव मिळेल तेच पिकवणार.

अलीकडे अवकाळी पावसाच्या धास्तीने काही बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालतात. त्यात काही कापडे 'ब' पट्टा जवळजवळ पूर्ण अडवतात, काही बराचसा जाऊ देतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच पारदर्शक दिसतात. तेव्हा आच्छादन घेताना जाडी, टिकाऊपणा आणि दर यांबरोबर हाही प्रश्न दुकानदाराला विचारायला हवा.