अंगठा आईचा, पैसा कोणाचा?

वाचकहो, चोरी हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे काळोखी रात्र येते, फोडलेली भिंत येते, परका माणूस येतो. आज आम्ही ज्या चोरीविषयी लिहीत आहोत ती भर दिवसा होते, घरातलाच माणूस करतो, आणि ज्याचे गेले तोच ती पदराआड झाकतो. वृद्ध आईबापांचा, निपुत्रिक चुलत्याचा, विधवा आत्याचा पैसा, दागिना किंवा जमीन आप्तांनी धाक घालून, फसवून वा भुलवून काढून घ्यावी, हा तो प्रकार. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव आमचा मुक्काम पडतो. आरती झाल्यावर मंडळी पांगतात, एखादी म्हातारी मात्र खांबाला टेकून बसून राहते. तिला विचारावे तर म्हणते, ‘काही नाही महाराज, सगळं बरं आहे.’ सगळे बरे असणारी माणसे अशी बसत नसतात.

हे ओळखावे कसे? मोठी लक्षणे शोधू नयेत, लहान पाहावीत. वीस वर्षे दिंडीची भिशी आपल्या हाताने देणारी बाई या वर्षी म्हणते, ‘पोराला विचारते.’ डोळ्यांचे औषध दोन महिने आणलेले नाही, आणि घरात नवी मोटारसायकल उभी आहे. पासबुक कोठे आहे ते ठाऊक नाही. गळ्यातली पुतळ्यांची माळ ‘पॉलिश करायला’ गेली ती आली नाही. पाहुण्यांशी बोलताना सून किंवा मुलगा जवळून हलत नाही, आणि म्हातारा उत्तर देण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे बघतो. यांतले एकेक लक्षण निर्दोषही असू शकेल. तीनचार एकत्र दिसली की मात्र स्वस्थ बसू नये.

अंगठ्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन बँकेच्या खात्यात जमा होते. बँक तालुक्याला; म्हणून गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधारच्या यंत्रावर अंगठा ठेवून पैसे काढतात. जन्मभर खुरपे आणि जाते धरलेल्या हाताचा ठसा लवकर उठत नाही, हे खरेच आहे. पण याच खरेपणाचा फायदा घेतला जातो. ‘आजी, उठला नाही, परत ठेव,’ असे म्हणून दोनदा अंगठा घेतात. दोन्ही वेळा पैसे निघतात, आजीच्या हातावर एकदाचेच पडतात. कधी केंद्रवाला करतो, कधी सोबत आलेला नातू, कधी दोघे मिळून. ज्या योजनेला श्रावणाचे नाव दिले तिच्या पैशाची ही गत! उपाय मात्र साधा आहे. दर वेळी छापील पावती मागावी, न उठलेल्या ठशाचीसुद्धा. महिन्याकाठी पासबुक भरून घ्यावे. आणि खात्याला मोबाईल नंबर मुलाचा न लावता स्वतःचा लावावा, म्हणजे पैसे निघाल्याचा संदेश आपल्याकडे येईल. वाचता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्यावा. पोरी हिशेबाला फार चोख असतात.

येथे कोणी म्हणेल, बुवा, आईचे पासबुक सांभाळणारा प्रत्येक मुलगा चोर की काय? मुळीच नाही. थकलेल्या बापाचा व्यवहार मुलाने पाहणे ही सेवाच आहे, आणि अशी सेवा करणारी घरे पुष्कळ आहेत. सेवा आणि लूट यांतला भेद ओळखण्याची कसोटी एकच: हिशेब विचारून पाहावा. सेवा करणारा पासबुक पुढे ठेवतो. दुसरा रागावतो, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो, किंवा दोन दिवस बोलतच नाही.

आता कागदांकडे येऊ. पैसा जातो तो थोडाथोडा, जमीन जाते ती एका सहीने. म्हणून कागदांची नावे प्रत्येक वृद्धाने पाठ करावीत. मृत्युपत्र मनुष्य गेल्यावर अंमलात येते आणि शुद्धीत असेतो ते कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की त्याच दिवशी मालकी गेली. हक्कसोडपत्रानेही तेच होते. कुलमुखत्यारपत्राने आपल्या नावे व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्यास मिळतो; ते सामान्यतः आपण हयातीत रद्द करू शकतो, पण तोवर झालेली विक्री निस्तरणे कठीण. ‘विम्याचा कागद आहे’, ‘कर्जमाफीचा फॉर्म आहे’ असे सांगून यांतला कोणता कागद पुढे सरकवला आहे, हे परक्या साक्षर माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही वा अंगठा देऊ नये.

वारकऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जमिनीच्या नोंदीत बदल करायचा तर गावकामगार हितसंबंधितांना नोटीस देतो आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. आळंदीहून निघालेली पालखी पंढरीस पोहोचेतो यापेक्षा अधिक दिवस जातात. म्हातारी तिकडे तुळस डोक्यावर घेऊन चालत असते, आणि इकडे नोटीस घरच्या फळीवर पडून मुदत सरते. लेकाने मोठ्या प्रेमाने वारीला लावून दिले, याचे कौतुक आम्ही पुष्कळदा ऐकतो. कौतुक करावे, पण निघण्यापूर्वी आणि परतल्यावर सातबारा काढून पाहावा. आता तो मोबाईलवरही दिसतो. नोंद फिरली म्हणजे मालकी गेली असे मात्र नव्हे. नोंदीविरुद्ध महसूल अधिकाऱ्याकडे अपील होते, त्यास विलंब करू नये एवढेच.

यावर मुलांचा पूर्वपक्ष ठरलेला असतो: ‘वडिलोपार्जित आहे, आमचा जन्मतःच हक्क आहे, उद्या मिळणारे आज घेतले तर काय बिघडले?’ जन्माने स्वत्व येते हा विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेचा सिद्धांत, तो आम्ही गुरुगृही घोकला आहे. पण त्याने मुलास त्याचा वाटा मिळतो, बापाचा नव्हे. बापाने स्वकष्टाने मिळवलेले सर्वस्वी बापाचे. आईचे तर विचारूच नये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. त्याच्या कितीतरी शतके आधी याज्ञवल्क्यस्मृतीने स्त्रीधन घेण्याची मुभा नवऱ्याससुद्धा चारच प्रसंगी ठेवली: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास. त्या यादीत मुलाची मोटारसायकल आम्हांस कोठे आढळली नाही. आणि बळाने लिहवून घेतलेल्या लेखाला स्मृतिकारांनी लेखच मानलेले नाही.

आजच्या राजशासनानेही हेच तत्त्व घेतले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली झाला. ६० वर्षांवरील कोणीही, आणि आईबाप तर वयाची अट नसता, त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. आपल्याकडे हे काम प्रांताधिकारी पाहतात. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगाच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्यास मिळायची आहे, त्याच्यावरही ही जबाबदारी आहे. वृद्धास सांभाळायचे असताना टाकून देणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

त्यातले २३ वे कलम सोन्याच्या मोलाचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन वा घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते दान फसवून घेतल्यासारखे समजून रद्द करून मागता येते. पण अट असली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अट सिद्ध न करता नुसते ‘मुलाला दिले, तो पाहत नाही’ एवढ्याने दान रद्द होत नाही. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला, मुलाने लिहून दिलेले वचनपत्रही विचारात घेतले आणि घर आईस परत देवविले. तेव्हा द्यायचेच असेल तर बक्षीसपत्रात सरळ लिहावे: ‘देणाऱ्याच्या हयातीत त्याचे अन्न, वस्त्र, औषधपाणी व राहणे घेणाऱ्याने पाहावे, न पाहिल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल.’ मुलगा या ओळीला रुसला, तर त्याचे मन आधीच कळले.

‘पण घरची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडायची?’ हा प्रश्न आई विचारते, आणि शेजारी म्हणतात, ‘आपण कशाला चहाडी करा?’ ज्या पुंडलिकाने आईबापांची सेवा चालू आहे म्हणून देवाला विटेवर उभे ठेवले, त्याच्या गावाला दर वर्षी चालत जाणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा याचे आम्हांस नवल वाटते. चहाडी ती, जी दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून करतात. उपाशी म्हातारीसाठी बोलणे हे निराळे. आईची भीती मात्र खरी असते. तिला वाटते लेकाला बेड्या पडतील, आणि मग आपल्याला पाणी कोण देईल. तिला समजावून सांगावे, की या न्यायाधिकरणात समेट घडवणारा अधिकारीही नेमता येतो. पुष्कळ वेळा दोन्ही बाजूंस बोलावून पासबुक परत मिळते आणि चूल एकच राहते. एकटी असताना विचारावे, सुनेसमोर विचारू नये. ती नको म्हणाली तर जबरदस्ती करू नये. आठ दिवसांनी पुन्हा जावे. अंथरुणाला खिळलेली असेल तर तिने नेमलेली कोणतीही व्यक्ती वा संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकते. मारहाण वा कोंडून ठेवणे असेल तेव्हा मात्र वाट पाहू नये, ११२ वर पोलिसांस बोलवावे.

प्रथम विचारायचे तर १४५६७ हा वृद्धांसाठीचा मोफत दूरध्वनी सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. अनोळखी माणसाने फोनवरून पैसे उडवले असतील तर १९३० वर तत्काळ कळवावे. तेथे तास न् तास मोलाचा असतो. वकिलाला पैसे नाहीत असे बायकांनी म्हणू नये. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांस उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो.

प्रांत कचेरीत जाताना आधारकार्ड, वयाचा दाखला, भरलेले पासबुक, सातबारा आणि नोंदलेल्या कागदाची नक्कल बरोबर असावी. कोणत्या तारखेला काय नेले, कोणासमोर नेले, हे एका वहीत लिहून ठेवलेले असेल तर काम निम्मे झाले. ती वही घरात ठेवू नये. दिंडीच्या विणेकऱ्याकडे किंवा लेकीकडे ठेवावी.