भिंतीवरील बटण व स्मार्ट दिवा

आमच्या नागपुरांतील कित्येक घरीं हल्लीं मोबाईलच्या आज्ञेनें लागणारे स्मार्ट दिवे आले आहेत. त्यांचा भिंतीवरील बटणाशीं काय संबंध आहे, हें आज पाहूं.

कोराडीच्या केंद्रांत कोळसा जाळून वीज उत्पन्न होते. अशी वीज आपल्या घरीं २३० व्होल्ट दाबानें येते. बटण बंद केलें म्हणजे तिचा मार्ग तुटतो व साधा दिवा मालवतो. स्मार्ट दिव्याच्या पोटांत मात्र रेडिओलहरी ग्रहण करणारें लहानसें यंत्र असतें. त्यास सतत थोडी वीज लागते. घरांतील वडील माणसांनीं संवयीनें बटण बंद केलें कीं तें यंत्र बहिरें होतें. मग मोबाईलवर कितीही आज्ञा करा, दिवा लागत नाहीं. म्हणून नित्य वापरांत बटण चालू ठेवून मोबाईलनेंच दिवा मालवावा, हा पहिला नियम.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. मोबाईलनें मालवलेल्या दिव्याच्या होल्डरांत वीज असतेच. दिवा काढण्यापूर्वीं बटण बंद करावें. तें चुकीच्या तारेवर बसविलेलें असल्यास होल्डरांत वीज राहते, म्हणून मेन स्विचही बंद करावा. मुलांनीं तर हें काम वडील माणसांवरच सोंपवावें. दिवा विझलेला पाहून विजेचा भरंवसा धरूं नये, एवढेंच आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों.