घटक १ : उद्बोधन सत्राची पूर्वतयारी

१.१ प्रस्तावना

प्रथम वर्षाच्या पुस्तकांबरोबर उद्बोधन सत्राची तारीख कळविणारे एक पत्रक आपल्या हाती आले असेल. पुष्कळ विद्यार्थी ते बाजूला ठेवतात. ‘पहिल्या दिवशी नुसती भाषणेच असणार, त्यासाठी एक दिवसाची मजुरी किंवा रजा कशाला घालवायची?’ असा विचार त्यामागे असतो. तो अगदीच चुकीचा आहे, असे म्हणता येणार नाही. काही सत्रांत स्वागत, सत्कार आणि दीपप्रज्वलन यांतच अर्धा दिवस सरतो. तरीही या दिवशी जाणे का आवश्यक आहे आणि जाण्यापूर्वी घरी बसून काय करावे, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

‘उद्बोधन’ हा शब्द ‘बुध्’ या संस्कृत धातूपासून आला आहे. जाणणे आणि जागे होणे हे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. ‘ओरिएंटेशन’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पूर्व दिशा आहे. पूर्व कोणती हे कळले की बाकीच्या दिशा आपोआप लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नवागत विद्यार्थ्यांच्या अशा कार्यक्रमाला ‘दीक्षारंभ’ असे नाव दिले. तो आराखडा मुख्यतः वर्गात रोज येणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली गोष्ट वेगळी आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते घर, शेत, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. साहजिकच आपल्याला आवारात राहावयाचे नसते. वर्षातून मोजक्या वेळा तेथे जावयाचे असते. म्हणून पहिली खेप वाया जाऊ न देणे महत्त्वाचे.

१.२ कागदपत्रे आणि नाव

प्रवेशाची पावती, बारावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि त्यांच्या दोन-दोन छायाप्रती एका पिशवीत ठेवाव्यात, एवढे सांगून हा मुद्दा संपला असता. परंतु विवाहित विद्यार्थिनींसाठी थोडे थांबणे भाग आहे. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, बँकेच्या पुस्तकात तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, अशी स्थिती अनेकींची असते. ही तफावत आज किरकोळ वाटते. परीक्षा अर्जाच्या वेळी किंवा पदवी प्रमाणपत्रावर नाव छापून आल्यावर ती डोकेदुखी ठरते. २०२१ पासून विद्यार्थ्यांचे श्रेयांक ‘अकादमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या राष्ट्रीय खात्यात साठविण्याची व्यवस्था झाली आहे, आणि तेथेही नाव जुळणे महत्त्वाचे ठरते. तेव्हा सर्व कागदांवरील नाव अक्षरशः कसे लिहिले आहे ते एका कागदावर उतरवून काढा. फरक असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत न्या आणि ‘माझ्या पदवीवर कोणते नाव येणार?’ हा प्रश्न त्याच दिवशी विचारा. पुरुष विद्यार्थ्यांनीही वडिलांच्या नावाचे स्पेलिंग एकदा तपासून पाहावे.

१.३ तासांचा हिशेब

आता जरा अवघड भागाकडे वळू. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे ३० तास. चार श्रेयांकांचा एक अभ्यासक्रम म्हणजे १२० तास. एका सत्रात असे पाच अभ्यासक्रम, म्हणजे २० श्रेयांक असतील, तर ६०० तास होतात. सत्राचे २४ आठवडे धरले, तर आठवड्याला २५ तास पडतात. म्हणजे रोज साडेतीन तासांहून थोडे अधिक. या तासांत पुस्तक वाचणे, टिपणे काढणे, स्वाध्याय लिहिणे आणि संपर्कसत्राला बसणे हे सारे येते.

हा आकडा वाचून घाबरू नका, पण त्याच्याकडे डोळेझाकही करू नका. आपला अभ्यास सुटला की आपण ‘आपली बुद्धीच नाही’ असे स्वतःला सांगतो. पुष्कळदा बुद्धीचा काही दोष नसतो. हिशेब मांडलेला नसतो. उदाहरणार्थ, सकाळी नऊ ते सहा नोकरी आणि तासभर प्रवास करणारी एखादी व्यक्ती सहा दिवस रोज दोन तास काढू शकेल, रविवारी पाच. हे १७ तास झाले. आठ कमी पडतात. शेतकऱ्याचा हिशेब आणखी निराळा. पेरणीच्या आणि सुगीच्या दिवसांत त्याच्याकडे दोन तासही नसतात, मात्र मधल्या काळात मोकळीक असते. सत्राला जाण्यापूर्वीचे सात दिवस आपण केव्हा उठलो, केव्हा रिकामे होतो, प्रवासात किती वेळ गेला, हे वहीत प्रामाणिकपणे नोंदवा. कमी पडणारे तास कोठून येतील हे घरातील माणसांशी बोलूनच ठरते. ‘रात्री नऊनंतर मी अभ्यासाला बसणार’ हे त्यांना आधी माहीत असावे.

एवढे करूनही तास जमत नसतील, तर खचून जाण्याचे कारण नाही. मुक्त शिक्षणात पदवी पूर्ण करण्यास किमान कालावधीहून अधिक वर्षे मिळतात. आपल्या प्रवेशाला ती मुदत किती आणि राहिलेला विषय पुढे कसा देता येतो, हे उद्बोधन सत्रात समंत्रकांना विचारावे. आमच्या मते त्या दिवशी विचारण्याजोगा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. तोंडी उत्तरावर न थांबता तो नियम माहितीपुस्तिकेत कोठे आहे, तेही दाखवून घ्यावे.

१.४ स्वतःची ओळख

सत्रात बहुधा प्रत्येकाला उठून दोन वाक्ये बोलावी लागतात. मराठीच्या विद्यार्थ्यांना येथे एक विशेष भीती वाटते : ‘माझी भाषा शुद्ध नाही.’ अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा झाडीबोली बोलत वाढलेला माणूस पदवीच्या वर्गात आला की ‘मी’च्या पुढे अडखळतो. वय चाळिशीच्या पुढे असेल आणि शेजारी मुलाच्या वयाचे विद्यार्थी बसले असतील, तर संकोच दुप्पट होतो.

याबाबत एक उदाहरण लक्षात घ्या. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताना त्यांनी आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचल्या. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपल्या अभ्यासक्रमात बोलीभाषा हा अभ्यासाचा विषय म्हणून येते. ज्याच्या घरात बोली नांदते, त्याच्याकडे त्या विषयाची सामग्री आधीच असते. प्रमाण मराठी लेखनासाठी शिकावी लागेल, हे खरे. परीक्षेची उत्तरे तीत लिहावयाची आहेत. परंतु ती शिकणे म्हणजे घरची भाषा टाकून देणे नव्हे.

ओळखीसाठी चार वाक्ये घरी लिहून काढा : गाव, काम, शिक्षण कोणत्या वर्षी थांबले आणि आता मराठी हाच विषय का घेतला. शेवटच्या वाक्यावर वेळ द्या. ‘पदोन्नतीसाठी’ हे कारणही उत्तम आहे. ते लपवू नये. लिहिलेले दोनदा मोठ्याने वाचा आणि मग कागद घरीच ठेवा. परतताना मात्र आपल्याच तालुक्यातील निदान दोन सहविद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक सोबत असावेत. परीक्षेचे वेळापत्रक बदलले, तर अनेकदा पहिली बातमी त्यांच्याकडूनच कळते.

१.५ स्वाध्याय

१. सलग सात दिवसांची वेळनोंद करा आणि तिच्याआधारे एका सत्राचे अध्ययन-वेळापत्रक तयार करा.

२. आपल्या बोलीतील, प्रमाण मराठीत सहज प्रतिशब्द न सापडणारे दहा शब्द अर्थांसह लिहा व सत्राला येताना सोबत आणा.

३. समंत्रकांना विचारावयाचे तीन प्रश्न प्रत्येकी एका वाक्यात लिहा.