पट्ट्या दोन, बघायची दुसरी

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री मे महिन्यात बसली. बसवणाऱ्याने सेट टॉप बॉक्सवरची ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी दाखवली, पैसे घेतले आणि गेला. जूनमध्ये सर आली की चित्राचे चौकोन, मग ‘नो सिग्नल’. ‘स्ट्रेंग्थ’ मात्र तेव्हाही भरलेली, म्हणून “बॉक्स गेलाय” असं सांगून त्याने नवा बॉक्स गळ्यात मारला. फरक काहीच नाही.

‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे केबलमधून येणारी एकूण ताकद. तिच्यात उपग्रहाचा सिग्नल आला, तसा छत्रीसमोर बसवलेल्या एलएनबीचा (सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) स्वतःचा गोंगाटही आला. छत्री रिकाम्या आभाळाकडे वळवली तरी ती पट्टी बरीच भरलेली दिसते. खरं बोलते ती दुसरी पट्टी, ‘क्वालिटी’: गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरला, ते ती सांगते. डिजिटल चित्र ठरावीक पातळीच्या वर लख्ख असतं, खाली गेलं की संपलं. जुन्या अँटेनासारख्या मुंग्या दिसून आधी इशारा मिळत नाही. त्या पातळीच्या वर जेवढं शिल्लक, तेवढाच पाऊस झेपतो, कारण ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पाऊस शोषतो आणि वर गोंगाटही वाढवतो. बूस्टर लावू नका. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो.

आमच्याकडे आडवा आला तो साग. मेमध्ये निष्पर्ण, जूनमध्ये पानांनी गच्च आणि ओला. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आमच्याकडून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. पण छत्री ऑफसेट, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेली, असल्याने ती बरीच खाली बघतेय असं वाटतं, आणि झाड वाटेत आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. छत्री स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवल्यावर चित्र टिकू लागलं.

छत्री लावताना आभाळ निरभ्र असू द्या आणि ‘क्वालिटी’वरच नजर ठेवा. छत्री केसभर हलवायची, थांबायचं, कारण आकडा उशिरा बदलतो. मग एलएनबी किंचित फिरवून बघा. पुष्कळांचं इथेच राहून जातं. नट आवळताना छत्री सरकते, तेव्हा आवळल्यावर आकडा पुन्हा तपासा. केबलला एलएनबीजवळ खाली झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता गळून जाईल.

शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, प्रत्येक बॉक्सचं माप वेगळं. आपला निरभ्र दिवसाचा आकडा लिहून ठेवा. पुढे कोरड्या दिवशीही तो उतरलेला दिसला, तर आधी कनेक्टर उघडून आतली तार हिरवी पडली आहे का ते बघा, बॉक्स नंतर.