दान पूर्ण कधी होतं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

*गुरुवारचा अभ्यासपाठ*



मागच्या गुरुवारी गीतेच्या सतराव्या अध्यायातले दानाचे तीन प्रकार वाचले आणि चर्चा तापली. एक दादा म्हणाले, "श्रीमंताचं काढून गरिबाला वाटणं हा अन्याय आहे. ज्याने कमावलं त्याचं ते. द्यायचं तर मनाने द्यावं." त्यावर एक ताई म्हणाल्या, "मनाने देणाऱ्याची वाट बघत गरिबाच्या किती पिढ्या जायच्या?" आरतीची वेळ झाली आणि प्रश्न तसाच राहिला. ग्रुपवर पक्षांची नावं नकोत हा आपला नियम आहेच. पण विषय टाळायचा नाही, कारण तो आपल्या इथल्याच मातीतला आहे.

*एक वाट कायद्याची*

दादरा नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीजांच्या हातून सुटली, हे आपण दर २ ऑगस्टला ऐकतो. जमीन सुटायला मात्र आणखी वेळ लागला. पोर्तुगीज सरकार इथल्या जमिनी 'अल्वारा' नावाच्या सनदेने देत असे. ठरलेल्या मुदतीत जमीन लागवडीखाली आणायची, अशी त्यात अट असे. १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्याने अल्वारा पद्धत संपवायचं ठरलं, जमीन किती ठेवता येईल याला मर्यादा आली.

१९२३ ते १९३० च्या दरम्यान दिलेल्या काही सनदा १९७४ साली कलेक्टरांनी रद्द केल्या. कारण, अटीप्रमाणे लागवड झाली नव्हती. सनदवाले कोर्टात गेले. शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२० ला दिला आणि सनदा रद्द करणं योग्य ठरवलं. म्हणजे ४६ वर्षं लागली! १९७४ ला पाळण्यात असलेलं बाळ तोवर आजोबा झालं असेल.

कायद्याने वाटप होऊ शकतं, हे यातून दिसतं. पण देणाऱ्याचं मन तयार नसेल तर किती काळ जातो, हेही दिसतं.

*दुसरी वाट मनाची*

विनोबाजी पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते पुस्तक आहे.

हेच विनोबाजी १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात होते. तिथल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याआधी विनोबाजींनी गावालाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. पुढे वर्षानुवर्षं विनोबाजी देशभर पायी फिरले. मला घरातलाच एक मुलगा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या, असं ते जमीनवाल्यांना सांगत. पोलीस नाही, कोर्ट नाही, तरी ४० लाख एकरांहून जास्त जमीन कागदावर मिळाली.

पण पुढचंही खरं सांगायला हवं. त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, काही वादातली होती, आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोचलाच नाही. दानपत्रावर सही झाली, ताबा राहिला.

म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी अडतात. देणं जाहीर होतं, पण घेणाऱ्याच्या हातात पडत नाही.

*शास्त्राचा आधार*

आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ सांगितला आहे तो यथाशक्ती वाटून घेण्याचा. त्यात उपकाराची भाषा नाही. विनोबाजींनी हाच अर्थ गावोगाव नेला. आणि सतराव्या अध्यायात, जे कुरकुरत किंवा परतफेडीच्या आशेने दिलं जातं ते राजस दान म्हटलं आहे. म्हणजे कपाळाला आठ्या घालून भरलेला कर जसा राजस, तशीच फोटोसाठी वाटलेली चादरसुद्धा राजसच.

कर किती असावा यावर शहाण्या माणसांची मतं वेगळी असतात. आपल्या देशात वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर १९५३ ला आला आणि १९८५ ला गेला. संपत्ती कर १९५७ ला आला, २०१५ च्या बजेटमध्ये गेला. तो वाद चालू राहील आणि चालू राहावा. पण वाद मिटेपर्यंत आपण हात बांधून बसायचं, असं कुठल्याही शास्त्रात नाही.

काही जण म्हणतात, "ज्याचं त्याचं पूर्वकर्म." असेल. पण त्याचं कर्म त्याच्या खात्यात. त्याला पाहून आपण काय केलं, ते आपल्या खात्यात. पूर्वकर्म हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी वापरला तर धीर देतो, दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरला तर मन दगड करतो.

*मग आपण काय करायचं?*

गलोंड्याच्या पाड्यांवर आपण थंडीत चादरी वाटतो. ती सेवा चालूच राहील. पण गेल्या खेपेला एक आजी म्हणाल्या, "चादर द्या, नाही म्हणत नाही. पण धनी गेले, जमिनीवर माझं नाव कसं लागेल ते कोणी सांगेल का?" चादर दोन थंड्या पुरेल. नाव लागलं तर नातवंडांपर्यंत पुरेल. आपल्यात बँकेतून, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले दादा आहेत. महिन्यातला एक दिवस पाड्यावर बसून वारसाचे कागद, खात्याचे अर्ज भरून द्यायला काय हरकत आहे? आणि अर्ज भरून थांबायचं नाही, काम होईपर्यंत पाठपुरावा करायचा.

दुसरी गोष्ट घरातलीच. आपल्या मुलांचा कंपनीत पगार वाढला की पेढे वाटतो. त्याच वर्षी आपल्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंचा पगार किती वाढला? आजारपणात त्यांचा खाडा कापला का? तिथे कलेक्टर येत नाहीत. तिथे फक्त आपलं मन आहे.

*या आठवड्याचं मनन*

१. मी शेवटचं जे दिलं, त्याने घेणाऱ्याचं मागणं कमी झालं का?
२. मी देऊ म्हणालो किंवा म्हणाले, पण अजून पोचवलं नाही, असं काय आहे?
३. माझ्याकडे काम करणाऱ्याला त्याच्या हक्काचं मिळतंय का?

उत्तरं ग्रुपवर टाकू नका, स्वतःच्या वहीत लिहा. पाड्यावर बसायला जे येऊ शकतात त्यांनी रविवारपर्यंत आम्हाला सांगा.

सद्गुरूंचरणी सेवा अर्पण 🙏